समुद्रकिनाऱ्यावर सगळ्या घराचा फोटो: ऊन, वारा आणि ओहोटी बघून काढायचा कसा

उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलं की फोटो शेकड्यांनी निघतात. पण सगळं घर एका चौकटीत आहे, डोळे उघडे आहेत, चेहरे काळवंडलेले नाहीत आणि मागे समुद्र समुद्रासारखा दिसतोय, असा एक फोटो शोधायला बसलं की पंचाईत होते. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. माणसं भलत्या वेळी, भलत्या दिशेला तोंड करून उभी केलेली असतात. इथला चांगला उजेड फार थोडा वेळ टिकतो, त्यामुळे कुठे उभं राहायचं, कोण कुठे बसणार, कोणते कपडे घालायचे हे सगळं तो उजेड पडण्याच्या आधीच ठरलेलं हवं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: सूर्याचा हिशेब

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ खाली उतरतो. आकाशात त्याची चाल ताशी १५ अंश. मावळतीच्या आधी तो क्षितिजापासून सहा अंशांवर आला की ऊन मऊ आणि सोनेरी व्हायला लागतं, आणि तिथून तो बुडेपर्यंत विषुववृत्ताजवळ जेमतेम २५ मिनिटं मिळतात. ५० अंश अक्षांशावर सूर्य तिरका उतरत असल्याने हाच वेळ ४० ते ५० मिनिटांपर्यंत लांबतो. थंड देशांतल्या छायाचित्रकारांचे व्हिडिओ बघून ‘संध्याकाळी निवांत तासभर काढू’ असा बेत करणाऱ्यांची इथे फसगत होते ती यामुळेच. सूर्य बुडाल्यावरही १५-२० मिनिटं कामाचा उजेड असतो. ही मिनिटं अजिबात सोडू नका; तेव्हा कुणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत.

पोहोचल्या दिवशीच फोनवरचं होकायंत्र उघडून किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. पश्चिमेकडे तोंड असेल तर संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडणार, म्हणजे समुद्र मागे घेतलात की उजेड पाठीमागून येणार. त्याच किनाऱ्यावर सकाळी ऊन जमिनीच्या बाजूने येतं आणि ते सरळ चेहऱ्यावर पडतं. मागे झाडी किंवा टेकडी असेल तर सकाळी बराच वेळ तिची सावली वाळूवर पसरलेली असते, आणि समुद्र मात्र उजळून निळा दिसत असतो. समुद्राचा खरा रंग आणि स्वच्छ चेहरे, दोन्ही एका फोटोत हवे असतील तर ही सावली सरकत जाण्याच्या वेळेसारखी दुसरी वेळ नाही. पूर्वाभिमुख किनाऱ्यावर हेच सगळं उलट करून वाचा: सूर्योदय पाठीमागून, दुपार कलल्यावर ऊन चेहऱ्यावर.

सूर्यास्ताचंच वेड घेऊन बसू नये असं माझं मत आहे. सकाळी किनारा मोकळा असतो, पोरं ताजीतवानी असतात, वाळूवर कालच्या गर्दीच्या खुणा पाण्याने पुसलेल्या असतात. फक्त उठायची तयारी लागते.

दुसरी पायरी: वारा आणि पाणी

वाऱ्याचा विचार फारसं कुणी करत नाही, आणि मग निम्म्या बायकांचे चेहरे केसांखाली झाकलेले निघतात. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा वर उठते आणि समुद्रावरून वारा आत यायला लागतो. दुपारनंतर त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. आता कुटुंब समुद्राकडे पाठ करून उभं आहे, म्हणजे वारा थेट मागून येणार आणि लांब केस पुढे तोंडावर उडणार. उपाय दोन. एक, सगळ्यांना थोडं वळवून पाण्याच्या रेषेला तिरकं उभं करा, म्हणजे वारा एका गालावरून येईल आणि केस दुसऱ्या बाजूला उडतील. ते छानही दिसतं. दोन, पहाटे-सकाळी जा. तेव्हा वारा पडलेला तरी असतो किंवा जमिनीवरून समुद्राकडे हलका वाहत असतो, म्हणजे केस आपोआप मागे जातात.

मग भरती-ओहोटीचं वेळापत्रक. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला पूर्ण भरती असेल तर उभं राहायला वाळूच उरणार नाही. पण आठवडाभर थांबलात तर त्याच वेळी पाणी उतरलेलं असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. फोटोसाठी सगळ्यात चांगली ती ओहोटी सुरू झाल्यानंतरची वेळ: नुकतंच पाणी ओसरलेली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत, आजी-आजोबांना चालायला सोपी पडते, आणि तिच्यात आकाशाचं आणि माणसांचं प्रतिबिंब दिसतं.

सूर्य, वारा, पाणी या तिन्हींच्या वेळा जुळणारा एकच दिवस सुट्टीत सापडतो असं समजा. तो शेवटचा दिवस ठरवू नका. पाऊस आला, कुणाची पाठ उन्हाने भाजली, धाकट्याला ताप आला तर हाताशी दुसरा दिवस उरायला हवा. शिवाय पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचे चेहरे प्रवासाने सुकलेले असतात आणि शेवटी शेवटी नाकाची सालं निघायला लागतात. तिसरा दिवस बरा.

तिसरी पायरी: कपडे, चष्मे, सनस्क्रीन

सगळ्यांनी पांढरं घालायची पद्धत मला पटत नाही. कडक उजेडात पांढऱ्या कापडाचा पोत निघून जातो आणि घोळका म्हणजे एक मोठा पांढरा डाग दिसतो. त्यापेक्षा दोन-तीन जुळणारे रंग ठरवा आणि ज्याला जे शोभेल ते घालू द्या. वाळूशी आणि पाण्याशी एकजीव न होणारे रंग निवडा: विटकरी, मोरपंखी, मोहरीचा पिवळा, गडद निळा. भडक पोपटी किंवा चमकता गुलाबी टाळा, कारण त्या कापडाचा रंग परावर्तित होऊन हनुवटीखाली उतरतो. अगदी बारीक चौकड्या आणि रेषांचे कपडे फोटोत विचित्र लहरी दाखवतात.

आता एक बारीकशी गोष्ट. घरात कुणाचा तरी चष्मा उन्हात काळा होणारा असतो. तो अतिनील किरणांनी काळा होतो, समोरच्या उजेडाने नाही. म्हणून मोकळ्या आकाशाखाली सावलीत उभं राहूनही तो गडदच राहतो आणि आजोबा फोटोत गॉगल घालून आल्यासारखे दिसतात. जुना साधा चष्मा बरोबर घ्यायला सांगा. नसेलच तर फोटोच्या आधी दहा मिनिटं चष्मा पिशवीत ठेवायचा, सगळे जागेवर उभे राहिले की शेवटी घालायचा आणि पटकन दोन-तीन फोटो काढून घ्यायचे. काचा पुन्हा काळ्या व्हायला काही सेकंद तरी जातात.

सनस्क्रीन लावायचंच, पण अर्धा तास आधी, म्हणजे मुरतं. झिंक ऑक्साइडवालं असेल तर चेहऱ्यावर पांढुरकी छटा राहते आणि फ्लॅशमध्ये ती आणखी उठून दिसते. कपाळ आणि नाक टिपकागदाने नुसतं टिपा, पुसू नका.

चौथी पायरी: कॅमेरा बाहेर काढण्याआधी

एसी खोलीतून कॅमेरा किंवा फोन थेट दमट हवेत आणला की लेन्सवर धुकं धरतं. पुसलं की पुन्हा येतं, आणि तोवर तुमच्या २५ मिनिटांतली दहा गेलेली असतात. अर्धा-पाऊण तास आधी बॅग बंदच ठेवून बाल्कनीत किंवा बाहेर सावलीत ठेवा. आतली उपकरणं हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतात.

लेन्स खोलीवरच लावून निघा. किनाऱ्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या भागावर, वाळूला बोलावणं. समोर साधा पारदर्शक फिल्टर असू द्या. समुद्रावरच्या हवेत मिठाचे अतिसूक्ष्म तुषार असतात, त्यांचा पातळ थर काचेवर बसतो. सूर्य पाठीमागे असताना याच थरामुळे सगळा फोटो दुधाळ, फिक्कट येतो आणि लोक लेन्सला नावं ठेवतात. दर थोड्या वेळाने पुसा; मात्र आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) वाळूचे कण उडवून द्या आणि मगच कापड लावा, नाहीतर कण घासून ओरखडे उठतात. फोनच्या लेन्सलाही हेच लागू. आणि फोन ‘वॉटरप्रूफ’ आहे म्हणून समुद्रात नेऊ नका, त्या चाचण्या गोड्या पाण्यात झालेल्या असतात.

पाचवी पायरी: सेटिंग्ज

यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण घरच्या फोटोला एवढं पुरतं. एक रांग असेल तर अॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार; आकडा मोठा तितकं पुढचं-मागचं जास्त स्पष्ट) एफ/५.६, पुढे-मागे दोन रांगा असतील तर एफ/८. माणसं उभी असतील तर शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/२५० सेकंद, पळणारी पोरं टिपायची तर १/१०००. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर. फोकस पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यावर. फाइल शक्य असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल.

वाळू आणि आकाश दोन्ही उजळ असल्याने कॅमेऱ्याला वाटतं की उजेड फार आहे, आणि तो चेहरे काळे करून ठेवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) पाऊण ते एक स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून लॉक करा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा. मागचं आकाश थोडं पांढरं झालं तरी चालेल. आकाशाचे फोटो वेगळे काढता येतात. सावळ्या चेहऱ्यांच्या बाबतीत हे जास्तच सांभाळायला हवं. चेहरा आणि आकाश दोन्ही हवं असेल तर फ्लॅश लागतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांवर साध्या फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही. फोनचा फ्लॅश उन्हात कुचकामी.

व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-थंडी ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर संध्याकाळची ऊब कॅमेरा ‘दुरुस्त’ करून टाकतो. डेलाइटवर ठेवा.

फोनच्या मुख्य लेन्सने जवळून मोठा घोळका घेतलात तर कडेची माणसं ताणून रुंद होतात. त्यावरून नंतर घरात बोलणी बसतात. चार पावलं मागे जा आणि दोन पट झूम वापरा. मागचं सगळं धुसर करणारा पोर्ट्रेट मोड घोळक्याला नकोच. उडणारे केस आणि हातांच्या मधल्या फटी तो चुकीच्या पद्धतीने धुसर करतो.

सहावी पायरी: माणसं उभी करणं

खरं काम इथे आहे, आणि इथेच सगळ्यात कमी विचार होतो.

आधी क्षितिज. समुद्राची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसते. तुम्ही उभं राहून डोळ्याला कॅमेरा लावलात तर ती रेषा समोर उभ्या असलेल्या तुमच्याच उंचीच्या माणसाच्या डोळ्यांतून जाणार, आणि जरा उंच माणसाच्या बरोबर गळ्यातून. गळा कापल्यासारखा दिसणारा फोटो येतो तो असा. गुडघे वाकवून कॅमेरा छातीच्या खाली, कमरेजवळ आणा. रेषा खाली उतरते आणि डोकी मोकळ्या आकाशावर येतात. सगळे वाळूवर बसलेले असतील तर उलट करा: तुम्ही उभे राहा, म्हणजे रेषा डोक्यांच्या वर जाईल. उताराच्या पुळणीवर तुम्ही वर आणि माणसं खाली पाण्याजवळ असतील तर रेषा आणखी वर चढते, तेव्हा जास्त वाकावं लागतं.

मग पावलांच्या खुणा. सगळे समोरून चालत जागेवर गेले की फोटोच्या पुढच्या भागात तुडवलेली वाळू येते. जागा आधी ठरवा, वळसा घालून मागून किंवा कडेने न्या, आणि तुमच्या-त्यांच्या मधली वाळू कुणालाही ओलांडू देऊ नका. धाकट्या भाच्याला हे समजावण्यात अर्थ नाही; त्याला कडेवरच आणा.

बसवायला सुरुवात वयाने मोठ्या माणसांपासून करा. कोरड्या वाळूत खुर्चीचे पाय एका बाजूने रुततात आणि आजी कलंडते, म्हणून खुर्ची ओल्या घट्ट वाळूवर ठेवा आणि खाली फळी सरकवा. आजी-आजोबा मध्ये, बाकीचे त्यांच्याभोवती वेगवेगळ्या उंचीवर: कुणी गुडघ्यावर, कुणी वाळूत, कुणी मागे वाकून खुर्चीवर हात टेकून. सगळी डोकी एका रेषेत आली की शाळेच्या वर्गाचा फोटो होतो. वाळूत बसणाऱ्यांचे गुडघे कॅमेऱ्याकडे रोखलेले नसावेत, पाय एका बाजूला वळवायला सांगा. दोघांमध्ये दिसणारी फट प्रत्यक्षात बोटभर असली तरी फोटोत हातभर वाटते, म्हणून ‘अजून जवळ’ हे दोन-तीनदा म्हणावंच लागतं. हातांना काम द्या: खांद्यावर, पोराच्या पोटावर, ओढणीचं टोक धरायला. शेजारी लोंबणारे मोकळे हात सगळ्यात अवघडलेले दिसतात.

तान्हं बाळ सगळ्यात शेवटी आणा. तोवर मावशीच्या खांद्यावर सावलीत असू द्या. घेणाऱ्याने बाळाचा गाल आपल्या गालाजवळ येईल इतकं वर धरायचं. छातीपाशी धरलेलं बाळ कपड्यांत हरवतं. लहान मुलांचं लक्ष वेधायला त्यांच्या आवडीचा माणूस तुमच्या डोक्याच्या बरोबर मागे उभा करा. तो बाजूला उभा राहिला की मुलं बाजूला बघतात.

सूर्य समोर असेल आणि डोळे उघडत नसतील तर सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायचे आणि त्याच क्षणी पाच-सहा फोटो सलग. ‘हसा’ म्हणू नका. आजोबांना विचारा, या घोळक्यात सगळ्यात आधी कोण झोपतं. बाकीचं आपोआप होतं.

एक लक्षात असू द्या: सगळ्यांची पाठ समुद्राकडे असते, समोर बघणारे फक्त तुम्ही. लाटांवर नजर तुम्हीच ठेवायची. जागा पक्की करण्याआधी थोडा वेळ थांबून मोठी लाट कुठवर येते ते बघून घ्या. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर कुणाला चढवू नका. आणि माडाखाली उभं करायच्या आधी वर बघा, नारळ लागलेले असतील तर जागा बदला.

त्या २५ मिनिटांत क्रम कसा लावायचा

सगळे एकत्र असलेला फोटो पहिला, कपडे कोरडे आणि केस जागेवर असताना. तो नीट आला की मगच फाटे फोडायचे: आजी-आजोबा आणि नातवंडं, मग एकेक कुटुंब, मग नवरा-बायको. पोझ दिलेल्या फोटोंचा कंटाळा मुलांना दहा मिनिटांत येतो, त्यानंतर आग्रह करू नका. सगळ्यांना हात धरून पाण्याच्या कडेने चालत यायला सांगा, आपसात बोलत, कॅमेऱ्याकडे न बघता. उड्या मारण्याचे फोटो हवेच असतील तर काढा, माझ्याकडून आग्रह नाही. पाणी सगळ्यात शेवटी. एकदा पाय भिजले की पोरांना परत कोरडं उभं करणं अशक्य. सूर्य बुडाल्यावर उजेड झपाट्याने उतरतो, दर तीन-चार मिनिटांनी पडदा बघून एक्स्पोजर तपासा.

तुम्हालाही फोटोत यायचं असेल तर ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून घट्ट बसवा, खाली बॅग अडकवा आणि टायमरऐवजी दर दोन सेकंदांनी आपोआप फोटो काढणारी सोय लावा. टायमरवर धावत येणारा माणूस प्रत्येक फोटोत धापा टाकत असतो. लाटांच्या पट्ट्यात ट्रायपॉड उभा करू नका. पाणी मागे जाताना पायाखालची वाळू काढून नेतं.

दुपारीच काढायचे असतील तर

डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. मोठी, सलग सावली शोधा: पडवी, तंबू, गच्च पानांचं झाड. माडाच्या झावळ्यांखालची ठिपक्या-ठिपक्यांची सावली सगळ्यात वाईट, चेहऱ्यावर कवडसे पडतात. सावलीच्या कडेपासून हातभर आत उभं करा, तोंडं बाहेर उजेडाकडे. समोरची तापलेली वाळू खालून उजेड परत पाठवते आणि डोळ्यांखालची काळोखी भरून निघते. मागे मात्र समुद्र घेऊ नका, तो पांढराफटक होईल. आभाळ भरून आलं असेल तर हिरमुसू नका, ढगाळ उजेड चेहऱ्यांना फार चांगला. चौकटीत आकाश कमी ठेवा, झालं. विजा चमकायला लागल्या तर मात्र लगेच आत.

रात्री खोलीवर

ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, कॅमेरा ओलसर फडक्याने पुसून मग कोरडा करा. झोपण्याआधी फोटोंची एक प्रत दुसरीकडे करा आणि घरी पोहोचेपर्यंत कार्ड रिकामं करू नका. छापायचं असेल तर काढतानाच चारही बाजूंनी थोडी जागा सोडलेली असावी. कॅमेऱ्याची चौकट ३:२, फोनची ४:३ आणि ८ बाय १० इंचांची फ्रेम ५:४ असते, त्यामुळे कडेची माणसं कापली जातात. १२ मेगापिक्सेलचा फोटो १० बाय १३ इंचांपर्यंत चांगला छापता येतो. फक्त तो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेला नसावा. काकाच्या फोनमधला चांगला आला असेल तर त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, आणि ती निघायच्या आधीच मागवा.